बयाजी मास्तरांच्या गोष्टीचा शेवट

मी ब्रेल लिहायचे असं सांगितलं की लोक आधी माझ्या डोळ्यांकडे बघतात. मला चष्म्यातून नीट दिसतंय अशी खात्री झाली की मग विचारतात, "म्हणजे अंध मुलांना शिकवत होता का?" शिकवत नव्हते. लिहायचे. छापलेलं पुस्तक समोर ठेवायचं आणि ते ठिपक्यांत उतरवायचं, एवढंच माझं काम. बडोद्यात नदीपलीकडे अंध मुलांची एक निवासी शाळा आहे. तिच्या मागच्या अंगाला आमच्या ब्रेल विभागाची लांबट खोली होती, आणि तिथे मी एकतीस वर्षं बसले.

या कामात आले ती ठरवून नव्हे. यजमान कोयलीला रिफायनरीत शिफ्टमध्ये, मुलगी शाळेत जायला लागलेली, दुपारी घरात मी एकटी. शेजारच्या कोकिळाबेन एकदा म्हणाल्या, "आमच्या शाळेत मराठी वाचणारी अने टायपिंग येणारी बाई पाहिजे. गुजराती लिहायला माणसं आहेत, मराठीला कोणी नाही." मी म्हटलं, महिनाभर करून बघू. तो महिना एकतीस वर्षं चालला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. ब्रेलचं एक अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांचं एक घर. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. त्यातले कोणते ठिपके उठलेले आहेत त्यावरून अक्षर ठरतं. छापील मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते. ब्रेलमध्ये बोलतो तसं आधी क आणि मग इ. हाताने लिहायचं तर ब्रेलच्या खाचांच्या पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने मागच्या बाजूने टोचायचं, तेही उजवीकडून डावीकडे. कागद उलटा केला की ठिपके वर येतात आणि ओळ सरळ वाचता येते. पुढे सहा कळांचं यंत्र आलं, आणि शेवटच्या काही वर्षांत संगणक आणि त्याला जोडलेलं ठिपके उठवणारं छपाईयंत्र. ते चालू झालं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा आणि शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन दार ओढून घ्यायच्या.

या कामात चूक फार बारीक असते आणि फार लांब जाते. 'न' मधला पाचवा ठिपका नीट उठला नाही की त्याचा 'म' होतो. एका धड्यात आई मुलांना सांगते, "घाबरू नका." माझ्या हातून "घाबरू मका" गेलं. 'द' चा पाचवा ठिपका गेला की 'च' होतो, त्यामुळे दुसऱ्या एका गोष्टीत म्हातारी रात्री उठून 'चार' उघडायची. वसतिगृहातल्या मुली कितीतरी दिवस दार लावायचं असलं की "चार लाव गं" म्हणत होत्या.

म्हणून प्रत्येक पान तपासावं लागतं. मी छापील पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि अंध तपासनिसाने ब्रेलवरून बोट फिरवत जायचं. दोघांचं जुळलं नाही की थांबायचं. माझी तपासनीस मंगल. माझ्याहून बरीच लहान. तिचे पणजोबा संस्थानच्या लष्करात होते, वडील रेल्वेत. चार वर्षांची असताना तापात तिची नजर गेली. शाळा गुजरातीतून, घरी मराठी, त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असायच्या. "वसुधाबेन, ही ओळ परत वाचो ने," असं ती म्हणाली की मला कळायचं, माझी चूक सापडली आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'लेखनिक' म्हणून माझं आणि 'तपासणी' म्हणून तिचं नाव ठिपक्यांत जायचं. ते नाव तिच्यासाठी फार मोलाचं होतं, आणि का ते मला थोडं उशिरा कळलं.

कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. लहान मुलांसाठी जत्रेचं एक पुस्तक आलं. त्यात पानोपानी रंग: लाल फुगा, हिरवी शिट्टी, पिवळा फेटा. मला वाटलं, जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांना रंगांचं काय. उगाच मन दुखवायचं. मी रंग गाळले. नुसता फुगा, नुसती शिट्टी, नुसता फेटा. मंगलला वाचून दाखवतानाही रंग गाळूनच वाचले, त्यामुळे तपासणीत सगळं जुळलं. पंधरा दिवसांनी मंगलने तेच छापील पुस्तक तिच्या भाचीकडून वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "बेन, फुगा लाल होता."

मी काहीतरी बोलायला गेले. मुलांना वाईट वाटू नये म्हणून, वगैरे.

"मला लाल दिसत नाही, ते बरोबर," ती म्हणाली. "पण फुगा लाल होता हे मला माहीत असायला काय हरकत? उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? अने तुम्ही मला वाचून दाखवताना पण गाळलं. माझं नाव आहे त्या पुस्तकावर."

आम्ही ती सगळी पानं नव्याने केली. तिने पुन्हा त्याचा कधी उल्लेख केला नाही, पण मला अजून त्याची लाज वाटते. तेव्हापासून मी एक नियम पाळला: छापलेलं असेल ते जसंच्या तसं. स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे नाही. मला हा नियम फार पक्का वाटायचा. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं असताना दत्ताजीराव आले, आणि नियम कुठे लावायचा तेच मला कळेनासं झालं.

दत्ताजीराव नागरवाड्यातले. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा लेंगा-सदरा, कानात यंत्र. नोकरी जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत गेली होती, त्यामुळे मोडी लिपी ते वर्तमानपत्रासारखी वाचायचे. दुपारी रिक्षातून उतरले आणि दाराशी उभे राहून म्हणाले, "बेन, आत येऊ का? माझ्या आजोबांच्या आजोबांचं पुस्तक आहे. इथल्या मुलांना वाचायला मिळावं अशी इच्छा आहे."

कापडात गुंडाळलेलं छोटं पुस्तक होतं. 'आळीतल्या गोष्टी'. लेखक बयाजी मास्तर. कागद इतका तांबूस आणि ठिसूळ की पान उलटताना श्वास रोखावा.

बयाजी मास्तरांची हकिकत त्या दिवशी दत्ताजीरावांनी आम्हाला सांगितली, आणि पुढे मास्तरांच्या हाताने लिहिलेल्या वहीतून आणखी कळली. एकोणिसाव्या शतकातला माणूस. शिलेदाराचा मुलगा, म्हणजे घरचा घोडा घेऊन राजाच्या चाकरीत असलेल्या स्वाराचा. तोही स्वारच व्हायचा. बाराव्या वर्षी घोड्यावरून पडला, पाय मोडला, हाड नीट बसलं नाही, जखम चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. बापाने मुलाचं खोगीर भावकीतल्या दुसऱ्या पोराला देऊन टाकलं. मामाने त्याला आपल्याकडे नेऊन लिहायला-वाचायला शिकवलं. कुबडी घेऊन चालणारा हा मुलगा पुढे शाळेत मास्तर झाला.

मुलांना वाचायला द्यावं तर हाताशी राजेरजवाड्यांच्या आणि उपदेशाच्या गोष्टी. म्हणून मास्तरांनी स्वतः लिहायला घेतलं, तेही आपल्या आळीतल्या पोरांवर. त्यात बोबडा बोलणारा कुंभाराचा मुलगा आहे, कानाने न ऐकणारी परटाची मुलगी आहे, कुबडीवर चालणारा एक आहे. पण ही पोरं बिचारी नाहीत. ती चिंचा चोरतात, भांडतात, खोटं बोलतात, मार खातात. आम्ही दोघी काम करता करता थांबून हसायचो.

आणखी एक गोष्ट मास्तरांनी केली. शाळेच्या पायरीवर अशी काही मुलं येऊन बसत: आंधळी, लंगडी, मुकी. आत घेत नसत, म्हणून बाहेर बसून ऐकत. मास्तरांनी वरच्या कचेरीत अर्ज केला, की पायरीवर बसून शिकणाऱ्यांचीही हजेरी लावावी. अर्जाची नक्कल त्या वहीत होती, ती दत्ताजीरावांनी पुढे वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं: "यांत सरकारास हजेरीपटाचा एक कागद तेवढा जादा लागेल." असे चार अर्ज केले. उत्तर आल्याचं वहीत कुठे नाही. मग मास्तरांनी आपल्या घराच्या ओसरीवर संध्याकाळचा वर्ग सुरू केला.

"तुमच्या घरात हे सगळं सांगायचे का?" मंगलने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"सांगायचे ना," दत्ताजीराव अभिमानाने म्हणाले. "भागीची गोष्ट तर मला पाठ आहे. मी माझ्या नातवंडांना सांगितली आहे."

भागीची गोष्ट ही पुस्तकातली शेवटची. भागी ही आंधळी मुलगी रोज शाळेच्या पायरीवर बसते. आत मुलं पाढे म्हणतात, ती बाहेर ओठातल्या ओठात म्हणते. एके दिवशी मास्तर एकोणतिसाचा पाढा विचारतात, आत कुणाला येत नाही, आणि पायरीवरून आवाज येतो. छापील पुस्तकात पुढे असं आहे की नवरात्रात भागी देवीपुढे बसते, देवी प्रसन्न होते, भागीला दिसायला लागतं आणि ती पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाते. सगळे आनंदतात. समाप्त.

याच गोष्टीचं मधलं एक पान फाटलेलं होतं. तेवढ्यापुरता मजकूर मिळावा म्हणून दत्ताजीरावांनी मास्तरांची हाताने लिहिलेली मोडी वही आणायचं ठरवलं. ती त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षं होती. आयुष्यभर लोकांचे कागद वाचलेल्या या माणसाने घरची वही मात्र वरवर चाळण्यापलीकडे कधी वाचली नव्हती. गोष्टी छापल्यात, मग वही कशाला वाचायची, असं त्यांना वाटायचं.

ते वाचू लागले, मी लिहून घेऊ लागले, मंगल शेजारी बसून ऐकत होती. फाटलेल्या पानाचा मजकूर संपला, पण त्यांना वाचायची गोडी लागली होती. ते पुढे वाचत गेले. पाढ्याचा प्रसंग आला. पुढे नवरात्र यायला हवं होतं. आलं नाही. वहीत मास्तर पायरीपाशी येतात आणि भागीला म्हणतात, आत ये. ती विचारते, माझी जागा कोणती? मास्तर सांगतात, खिडकीजवळची, तिथे वारा येतो. आणि मग शेवटची ओळ:

"दुसरे दिवशीं भागी वर्गांत शेजारणीशीं बोलली, सबब मास्तरांनीं तिजला उभें केलें. ती उभी राहिली व तिला हंसूं आंवरेना."

दत्ताजीराव थांबले. मंगल मोठ्याने हसली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तिचं असं हसणं क्वचितच ऐकलं होतं.

"काहीतरी गफलत आहे," दत्ताजीराव म्हणाले आणि पान उलटलं. मागच्या पानावर पत्राचा कच्चा खर्डा होता, पुस्तक छापणाऱ्याला लिहिलेला. सवयीने ते तोही वाचत गेले, आणि काय वाचतोय ते लक्षात येईपर्यंत वाचून झालं होतं:

"आपण गोष्टींत फेर करून भागीस डोळे दिलेत. लोकांस तें आवडेल, हें मी जाणतों. परंतु भागी माझे घरीं आहे. देवी आल्या त्यांतच तिचे डोळे गेले. कोणीं तिला छापील गोष्ट वाचून दाखविली, तेव्हांपासून ती मला रोज पुसते, बाबा, माझे कधीं? मीं तिला काय सांगावें, हें आपण कळवावें."

दत्ताजीरावांनी वही मिटली.

"म्हणजे भागी खरी होती," मंगल म्हणाली.

"आमच्या घरात अशी कुणी नव्हती," ते म्हणाले. "वंशावळ मला तोंडपाठ आहे. मास्तरांना दोन मुलगे."

"वंशावळीत मुली लिहितात का तुमच्याकडे?" मी विचारलं.

त्यांनी मिटलेली वही जवळ ओढली. मग म्हणाले, "नाही लिहीत."

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःला सावरलं. म्हणाले, "हे बघा बेन, छापलेलं आहे तेच करा. हे घरातलं आहे, चारचौघांत कशाला? आणि लहान मुलांना आशा नको का काही? देवी पावली, यात वाईट काय आहे?"

मी मंगलकडे पाहिलं. ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"काका, मी तिसरीत असताना अशीच एक गोष्ट वाचली होती. त्यातल्या मुलाला शेवटी दिसायला लागतं. त्यानंतर कितीतरी महिने मी रोज सकाळी उठली की डोळे उघडून बघायची, आज आलं का. आईला सांगितलं नाही. मला वाटायचं, मी काहीतरी चुकीचं वागत असेन, म्हणून माझं येत नाही." तिने तोंड त्यांच्याकडे वळवलं. "तुम्ही म्हणता ती आशा मी बघितली आहे."

खरं सांगायचं तर त्या वेळी मी जे बोलले त्याचा मला पश्चात्ताप होतो. मला वाद नको होता. मी म्हटलं, आपण दोन्ही शेवट घालू. एक छापील, एक वहीतला. ज्याला जो आवडेल तो.

"पहिला कुठला घालणार?" मंगलने विचारलं.

"छापील," मी म्हटलं. "नियमाप्रमाणे."

"मग मी तपासून देईन, बेन. माझं काम आहे ते. पण माझं नाव नका घालू."

दत्ताजीराव वही घेऊन निघून गेले. पुस्तक माझ्या टेबलावर राहिलं.

मी विभागाच्या प्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, पुस्तक त्यांचं, ते म्हणतील तसं करा. कागदोपत्री ते बरोबर होतं. पण घरी गेल्यावर भाजी निवडता निवडता माझ्या डोक्यात तेच चालू असायचं. छापलेलं जसंच्या तसं, हा माझा नियम. पण छापणाऱ्यानेच बदललेलं असेल तर जसंच्या तसं म्हणजे कुणाचं? जत्रेच्या पुस्तकात मी जे केलं, तेच त्या छापणाऱ्याने केलं होतं, आणि बहुतेक तितक्याच चांगल्या मनाने. मला मंगलने दुसऱ्या दिवशी पकडलं. त्याला मास्तरांनी पत्र लिहिलं, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं की खर्ड्यातच राहिलं, देव जाणे.

तीन आठवडे गेले. दत्ताजीरावांचा फोन नाही, निरोप नाही. मी ठरवलं, पुस्तक परत देऊन यावं. ज्यावर मंगल नाव घालू देत नाही ते पुस्तक मला करायचं नव्हतं. हे ठरवायला मला तीन आठवडे लागले, हेही इथे नोंदवते.

नागरवाड्यात त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सूनबाईंनी दार उघडलं. "आवो, वसुधाबेन. पप्पा आत आहेत. हल्ली दिवसभर त्या वहीतच असतात. जेवायला हाका माराव्या लागतात."

ते खिडकीपाशी बसले होते, हातात भिंग. मी पुस्तक पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही. म्हणाले, "बसा. तुम्हाला एक दाखवायचं आहे."

वहीच्या मागच्या बाजूने मास्तरांनी ओसरीवरच्या वर्गाची हजेरी लिहिली होती. आडव्या ओळीत नावं आणि पुढे दिवसांचे रकाने. दत्ताजीरावांनी बोट ठेवलं. पहिलंच नाव भागीचं. मला मोडी येत नाही, पण ओळीत एकामागून एक तीच बारीक खूण दिसत होती.

"ही हजर," ते म्हणाले. "पानामागून पान बघितलं. पोळ्याला हजर, दिवाळीच्या आदल्या दिवशी हजर. बाकीची पोरं दांड्या मारतात, ही नाही." मग त्यांनी शेवटचं पान काढलं. "आणि हे बघा. इथे इतरांच्या खुणा आहेत. हिच्या ओळीत काही नाही. गैरहजरची खूणसुद्धा नाही. कोरं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत वर्गच बंद झालेला दिसतो."

"काय झालं असेल?"

"गेली असेल. किंवा कुठे पाठवली असेल. मला कळत नाही, बेन. मुलगी म्हणून तिला वंशावळीत घेतलं नाही, की आंधळी म्हणून कुणी तिचं नावच काढलं नाही, तेही कळत नाही. मास्तरांनी मात्र तिची हजेरी लावली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि मी नातवंडांना सांगत राहिलो, तिला डोळे आले."

चहा आला. तो पिऊन झाला. मी उठताना ते म्हणाले, "मंगलबेन उद्या असतील का? मला त्यांना भेटायचं आहे."

दुसऱ्या दिवशी ते आले. मंगलसमोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मंगलबेन, वहीतला शेवट घाला. तोच एक. तुमचं नाव घालायची परवानगी असेल तर मला बरं वाटेल."

मंगल म्हणाली, "अने पत्र?"

ते म्हणाले, "तेही घाला. शेवटी."

छापील पुस्तकात शेवट वेगळा आहे आणि तो कसा बदलला, हे आम्ही एका टिपेत सांगितलं. टीप मी लिहिली, मंगलने तीन वेळा बदलायला लावली. मी 'दुर्दैवी' असा शब्द घातला होता, तो तिने काढायला लावला. "बेन, आ शब्द तुमचा आहे, मास्तरांचा नाही," ती म्हणाली. ते बरोबरच होतं.

तपासणीचे ते दिवस मला आठवतात. मी लिहून घेतलेल्या मजकुरावर मी विसंबले नाही. दत्ताजीराव स्वतः वहीवरून वाचायचे आणि मंगल ठिपक्यांवरून बोट फिरवायची. त्यांना वाचताना मध्येच खोकला यायचा. तेवढ्यात मंगलचं बोट ओळीवर तसंच थांबलेलं असायचं, पुढे न सरकता. एकदा त्यांनी घाईत एक शब्द गाळला. तिने लगेच म्हटलं, "काका, इथे 'पुन्हां' आहे." त्यांनी भिंग लावून पाहिलं. होता. त्यानंतर ते फार सावकाश वाचायला लागले.

पुस्तक तयार झालं त्या आठवड्यात त्यांनी घरच्या वंशावळीत शाईने एक नाव वाढवलं. हे मला त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. भावकीतल्या एका काकांनी त्यावरून थोडी कुरबूर केली म्हणे. दत्ताजीरावांनी त्यांना हजेरीचं पान दाखवलं.

शाळेत मराठी वाचणारी मुलं मोजकीच. एका दुपारी त्यांना वाचनाच्या खोलीत बसवलं आणि पाचवीतल्या रेणूने भागीची गोष्ट वाचली. रेणूचं वाचन जलद. तिचं डावं बोट पुढच्या ओळीची सुरुवात शोधून ठेवतं तोवर उजवं बोट या ओळीच्या शेवटाला आलेलं असतं. दत्ताजीराव मागच्या बाकावर बसले होते. पाढ्याचा प्रसंग झाला, खिडकीजवळची जागा झाली, आणि भागीला उभं केल्याचं वाक्य आलं तसा वर्गात हशा पिकला.

"ती काय बोलली पण?" एकाने विचारलं.

यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं, चिंच मागितली असेल. कुणी म्हणालं, मास्तरांच्या कुबडीचा आवाज काढून दाखवला असेल. एकीने सांगितलं, जागा बदलून मागत असेल, खिडकीतून ऊन येतं. कुणीही तिच्या डोळ्यांबद्दल काही विचारलं नाही. मंगल माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला होता.

मग रेणूने कागदावरून मान वर केली आणि आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड करून विचारलं, "आजोबा, तुम्ही त्यांच्या घरचे ना? भागी पुढे मोठी झाली का?"

मी दत्ताजीरावांकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. हो, मोठी झाली, मास्तरीण झाली, असं सांगणं किती सोपं होतं. लहान मुलांना आशा नको का, असं म्हणणारा हा माणूस. त्यांनी कानातलं यंत्र जरा सारखं केलं.

"मला माहीत नाही, बेटा," ते म्हणाले. "तिच्या वडिलांनी तिची हजेरी जिथपर्यंत लिहिली आहे, तिथपर्यंतच मला वाचता येतं."

रेणूने क्षणभर विचार केला.

"चालेल," ती म्हणाली, आणि पानं मागे उलटून तिने पहिल्या गोष्टीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.